दंतस्वास्थ्याचे पदवी-शिक्षण : एक भाषाविचार

भाषाविज्ञान विभागाच्या पत्रिकेत दातांची निगा राखण्याच्या शिक्षणासंबंधी लेख यावा याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. वस्तुतः या दोन विषयांची भेट फार जुन्या काळी होऊन गेलेली आहे. त-वर्गाचे उच्चारस्थान दंतमूल होय असे ऋग्वेद-प्रातिशाख्यात सांगितले आहे. आणि सुश्रुतसंहितेत हिरड्यांच्या विकारांचा जो वर्ग केला आहे त्यालाही दंतमूलगत रोग असेच म्हटले आहे. जिभेचे टोक टेकते म्हणून ध्वनिशास्त्रज्ञाला ज्या जागेची आस्था, तीच जागा रोगाचे घर म्हणून दंतवैद्याला महत्त्वाची. परंतु हा जुना ऋणानुबंध उजळविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. अमेरिकेत गेली शंभराहून अधिक वर्षे ‘डेंटल हायजीन’ या नावाने एक महाविद्यालयीन अभ्यासक्रम चालत आला आहे. त्यातील विद्यार्थ्याला हाताच्या कौशल्याबरोबरच एकाहून अधिक भाषा आत्मसात कराव्या लागतात, आणि त्यांतील सर्वांत अवघड भाषा रोग्याची स्वतःची असते. ही गोष्ट स्पष्ट करणे व मराठीपुरता तिचा काय अर्थ होतो ते पाहणे, एवढेच येथे योजिले आहे.

डेंटल हायजिनिस्ट म्हणजे दंतवैद्य नव्हे, आणि दंतवैद्याच्या हाताखाली उपकरणे देणारी मदतनीसही नव्हे. दातांवर चढलेले किटण खरवडून काढणे, हिरड्यांची तपासणी करून तिची नोंद ठेवणे, क्ष-किरण चित्रे घेणे, फ्लोराइडचा लेप देणे आणि रोग्याला आपल्या तोंडाची काळजी स्वतः घेण्यास शिकविणे ही तिची कामे होत. या व्यवसायाचे विशेष असे की, तो हळूहळू आपोआप घडत गेला नाही. एका माणसाने, एका गावात, ठरवून तो निर्माण केला आणि त्याचे नावही ठरवूनच ठेवले. कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथील दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली आपल्या दवाखान्यातील साहाय्यक व नात्याने बहीण लागणाऱ्या आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले. पुढे १९१३ च्या नोव्हेंबरात फोन्स यांनी आपल्या घोडागाडीच्या पागेत पहिला वर्ग उघडला. व्याख्याने देण्यास येल, कोलंबिया यांसारख्या विद्यापीठांतील मंडळी येत. १९१४ साली २७ स्त्रिया हा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडल्या, आणि त्यांतील अनेकींना ब्रिजपोर्टच्या शाळांतून मुलांचे दात साफ करण्याचे व ते कसे राखावेत हे शिकविण्याचे काम मिळाले. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात आणि बॉस्टनच्या फोर्साइथ संस्थेत असे वर्ग सुरू झाले. १९१७ साली श्रीमती न्यूमन यांना या व्यवसायाचा पहिला परवाना मिळाला. मूळची ब्रिजपोर्टची शाळा १९४९ पासून तेथील विद्यापीठाचा भाग म्हणून पुन्हा उभी राहिली.

भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. या नव्या कामकरी वर्गाला ‘डेंटल नर्स’ म्हणावे असे सुचविले जात होते. फोन्स यांना ते मान्य झाले नाही. नर्स म्हटले की आजारी माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि आपल्याला तर माणूस आजारी पडण्यापूर्वीच त्याच्यापाशी पोहोचावयाचे आहे, असा त्यांचा विचार होता. म्हणून आरोग्याची ग्रीक देवता हायजिआ हिच्या नावाशी नाते सांगणारा ‘हायजिनिस्ट’ हा शब्द त्यांनी पसंत केला. नावाने कामाची दिशा ठरविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि अभ्यासक्रमात काय असावे याचा वाद निघाला की आजतागायत ‘प्रतिबंध’ हीच कल्पना पुढे केली जाते, आणि तिचे बीज या नावात आहे. मराठीत या व्यवसायाला सर्वमान्य शब्द रूढ झालेला नाही. ‘परिचारिका’ म्हणावे तर फोन्स यांचा आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो. ‘दंतस्वच्छक’ म्हणावे तर शिकविण्याचा अर्धा भाग गळून पडतो, शिवाय नामाचे लिंग ठरविण्याची अडचण उभी राहते ती निराळीच. इंग्रजी शब्दाला लिंग नसूनही तो व्यवसाय तेथे कित्येक दशके केवळ स्त्रियांचाच राहिला, ही गोष्ट अशा वेळी ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रस्तुत लेखात हायजिनिस्ट हाच शब्द ठेवला आहे.

आज अमेरिकेतील बहुसंख्य विद्यार्थी या विषयाची दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतात. पूर्वतयारीचे विषय धरले तर प्रत्यक्षात तीन वर्षे सहज लागतात. चार वर्षांची पदवी आणि तिच्यापुढील पदव्युत्तर शिक्षणही आहे. शरीररचना, रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, दातांची घडण, ऊतिविज्ञान, औषधविज्ञान, पोषण, क्ष-किरणविद्या, हिरड्यांचे रोग ही विषयांची यादी कोणाच्याही अपेक्षेप्रमाणेच आहे. पण अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या नियमांत आणखी एक अट आहे. तोंडी व लेखी भाषाव्यवहार, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र हे विषय प्रत्येक विद्यार्थ्याने शिकलेच पाहिजेत, अशी ती अट होय. दात खरवडणाऱ्या व्यक्तीला निबंध लिहावयास व भाषण करावयास का लावावे, असा प्रश्न विद्यार्थीही विचारतात. त्याचे उत्तर पहिल्या वर्षात मिळत नाही.

पहिल्या वर्षी मिळते ती नामावली. प्रत्येक दाताच्या प्रत्येक बाजूला नाव आहे. गालाकडची ती बकल, ओठाकडची लेबिअल, जिभेकडची लिंग्वल, चावण्याची ती ऑक्लूझल. (आपल्या शास्त्राचे इंग्रजी नाव आणि दाताची ही जिभेकडची बाजू एकाच लॅटिन शब्दापासून निघाली आहेत.) राहिल्या दोन बाजू, शेजारच्या दातांना लागलेल्या. त्यांना उजवी-डावी असे म्हणता येत नाही, कारण तपासणारी व्यक्ती समोर बसली तर तिचे उजवे ते रोग्याचे डावे. पुढची-मागची असेही म्हणता येत नाही, कारण दाढेची जी बाजू पुढची ठरते तीच पटाशीच्या दातापाशी गेल्यावर आडवी होते. दातांची रांग सरळ नसून घोड्याच्या नालासारखी वळलेली आहे, हे यामागील कारण. यावर शास्त्राने काढलेली तोड मोठी सुरेख आहे. रांगेच्या मध्यापासून दोन्हीकडे जाणाऱ्या दोन गल्ल्या कल्पाव्यात. प्रत्येक घराची एक भिंत चौकाकडची आणि दुसरी गल्लीच्या टोकाकडची. चौकाकडची ती मीझिअल, टोकाकडची ती डिस्टल. ‘मीझिअल’ या शब्दाच्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द आणि आपला ‘मध्य’ हे सगोत्र आहेत. तेव्हा मध्याभिमुख व दूराभिमुख हे शब्द मराठीत अगदी सहज बसतील.

स्थलवाचक भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना येथे एक परिचित प्रश्न दिसेल. स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्थळ सांगण्याच्या तीन रीतींचे विवेचन आहे : पाहणाऱ्याच्या उजव्या-डाव्यावरून, वस्तूच्या स्वतःच्या अंगांवरून, आणि दिशांसारख्या स्थिर चौकटीवरून. खेड्यातील शेतकरी ‘उगवतीकडचा बांध’ म्हणतो ती तिसरी रीत. हायजिनिस्टच्या विद्यार्थ्याला एकाच खुर्चीपाशी अशा निरनिराळ्या चौकटी सांभाळाव्या लागतात. दाताच्या बाजू रांगेच्या अंगाने सांगावयाच्या. तोंडाचे चार भाग रोग्याच्या उजव्या-डाव्याने सांगावयाचे. आणि स्वतः कोठे बसावयाचे ते घड्याळाने : रोग्याच्या डोक्याच्या टोकाशी बारा वाजले आहेत असे मानून, उजव्या हाताने काम करणाराने आठ ते बारा यांच्या दरम्यान जागा घ्यावयाची. एखाद्या दाढेच्या दूराभिमुख बाजूसाठी दहा वाजताच्या जागी बसा, ही सूचना भाषेच्या दृष्टीने तीन भाषांतरे एका दमात करावयास सांगते. पहिल्या सत्रात विद्यार्थी चुकतात ते हात जड असल्यामुळे, असे समजले जाते. हाताआधी ही भाषांतरे चुकत असली पाहिजेत, असे मला वाटते.

दातांच्या क्रमांकांची गोष्ट तितकीच बोधप्रद आहे. अमेरिकेत मोठ्या माणसाच्या दातांना १ ते ३२ असे सलग अंक देतात. वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून आरंभ करून वरची रांग संपवावयाची, मग खाली डावीकडून उजवीकडे यावयाचे. भारतात व जगाच्या बहुतेक भागांत १९७० पासून पुढे आलेली दोन अंकांची पद्धती चालते. तीत पहिला अंक तोंडाच्या चतुर्थांशाचा आणि दुसरा मध्यापासून मोजलेल्या दाताचा. खालची डावी पहिली मोठी दाढ अमेरिकेत १९, इकडे ३६. पहिल्या पद्धतीतील अंक म्हणजे नुसते नाव आहे, त्याचे अवयव पाडता येत नाहीत. दुसऱ्या पद्धतीतील अंक हा समास आहे : ३ म्हणजे खालचा डावा भाग, ६ म्हणजे तेथील सहावा दात. म्हणून तो ‘तीन-सहा’ असा वाचावयाचा. मराठी बोलणाऱ्याने याबाबत विशेष सावध राहावे, कारण आपले ‘छत्तीस’ हे रूप इतके एकजीव झालेले आहे की त्यातील तीस व सहा कानाला ऐकू येत नाहीत. ‘छत्तीस नंबरची दाढ’ म्हणताच त्या संकेताची सारी रचनाच झाकली जाते. भारतात दंतवैद्यकाची पदवी घेऊन अमेरिकेत गेलेल्या काहीजणी तेथे हायजिनिस्टचे काम स्वीकारतात. फ्लोरिडा राज्यात परदेशी दंतवैद्यांना त्या परीक्षेस बसण्याची सोयही आहे. त्यांना नवे शरीरशास्त्र शिकावे लागत नाही, पण ही जुनी अंकलिपी विसरावी लागते, आणि विसरणे हे शिकण्यापेक्षा नेहमीच कठीण असते.

नामावली पाठ झाली की प्रात्यक्षिक. प्रथम कृत्रिम दात बसविलेल्या जबड्यावर, नंतर सहाध्यायांनी परस्परांच्या तोंडात, मग खऱ्या रोग्यावर. रोगी पुष्कळदा विद्यार्थ्यांनाच हुडकावे लागतात आणि पुरेसे किटण असलेला सालस रोगी मिळणे हे भाग्य समजले जाते. परवान्याची प्रात्यक्षिक परीक्षाही पूर्वी खऱ्या रोग्यावर होत असे. २०२० नंतर बऱ्याच ठिकाणी ती कृत्रिम जबड्यावर होऊ लागली आहे.

तपासणीचा गाभा म्हणजे प्रोब नावाच्या, मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळईने हिरडी व दात यांमधील खाचेची खोली मोजणे. प्रत्येक दाताच्या सहा जागा. बत्तीस दात असतील तर १९२ आकडे. एक जण मोजते व मोठ्याने म्हणते, दुसरी लिहून घेते : तीन, दोन, तीन, तीन, दोन, चार, पाच, चार, सहा. तीनपर्यंतचा आकडा सामान्यतः निरोगी समजतात, त्याच्या पुढे संशय घ्यावयाचा. हे उच्चारण मूलतः दोन सहकाऱ्यांमधील आहे, रोग्याशी त्याचा संबंध नाही. पण खुर्चीत पडलेला माणूस बहिरा नसतो. म्हणून कित्येक ठिकाणी विद्यार्थिनींना असे शिकवितात की, मोजणी सुरू करण्यापूर्वी आकड्यांचा अर्थ रोग्याला सांगून टाकावा. मग तो स्वतःच ऐकू लागतो, आणि पाच-सहा ऐकले की त्याची भुवई वर चढते. पाऊण तासाच्या उपदेशाने जे होत नाही ते कधी कधी या नुसत्या अंकपठणाने होते. व्यवसायाची गुप्त भाषा रोग्याच्या हाती देणे हीच येथे उपचाराची पहिली पायरी ठरली.

या गुप्त भाषेत संज्ञा स्थिर राहत नाहीत, हेही विद्यार्थ्याला लवकरच कळून येते. दातांवर साचणाऱ्या मऊ थराला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘प्लाक’ म्हणत आले. पुढे त्याला ‘बायोफिल्म’ म्हणण्याचा प्रघात पडला. हा केवळ नामांतराचा हव्यास नव्हता. प्लाक म्हणजे नुसता चिकटलेला मळ अशी समजूत होती. बायोफिल्म म्हणजे सूक्ष्मजंतूंची एकमेकांना बिलगून, स्वतःभोवती चिकट आवरण रचून राहणारी वस्ती. अशी वस्ती चूळ भरून वाहून जात नाही, ती मोडावी लागते, हा उपदेश नव्या नावातच सामावलेला आहे. हिरड्यांच्या रोगांचे वर्गीकरणही असेच पालटले. १९९९ च्या वर्गीकरणात जुनाट आणि आक्रमक असे दोन मुख्य प्रकार होते. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर ते सोडून रोगाच्या चार अवस्था व वाढीच्या वेगाच्या तीन श्रेणी स्वीकारण्यात आल्या. आणि ‘निदान’ या शब्दावर तर हक्काचा वाद आहे. हायजिनिस्टच्या कार्यपद्धतीची जी पायऱ्यांची साखळी महाविद्यालयांत शिकवितात तीत ‘डेंटल हायजीन निदान’ ही एक पायरी आहे. परंतु निदान करण्याचा अधिकार दंतवैद्याचाच, असे मानणाऱ्यांना हा शब्दप्रयोग रुचत नाही, आणि निरनिराळ्या राज्यांचे कायदे याबाबतीत एकसारखे नाहीत. एका शब्दाच्या मालकीवरून दोन व्यवसायांत कुरबूर चालावी, हे भाषेच्या अभ्यासकाला नवीन नसावे.

आता रोग्याशी होणाऱ्या बोलण्याकडे वळू. हे संभाषण मोठे विषम असते. एक पक्ष बोलू शकतो, दुसऱ्याच्या तोंडात आरसा व उपकरण. ओठ मिटता येत नाहीत म्हणून प-वर्ग गेला, जीभ बाजूला सारलेली म्हणून त-वर्ग व ट-वर्ग गेले. उरतात ते स्वर व घशातला हकार. मराठी माणसाची त्यातल्या त्यात सोय अशी की, होकाराचा ‘हं’ आणि नकाराचा ‘अंहं’ यांना ओठांची व जिभेची फारशी गरज पडत नाही. म्हणून अनुभवी हायजिनिस्ट सविस्तर उत्तराचे प्रश्न उपकरण आत घालण्यापूर्वी विचारते आणि मधले प्रश्न हो-नाहीचे ठेवते. लहान मुलांसाठी ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ हा क्रम १९५९ पासून दंतवैद्यकात रूढ आहे. मोठ्या माणसांकरिता अलीकडे जी पद्धती शिकवितात तिचे सार असे की, उपदेश करू नये. रोग्याच्या तोंडूनच त्याच्या अडचणी व इच्छा वदवून घ्याव्यात. पहिल्या वर्षी जो प्रश्न अनुत्तरित राहिला होता त्याचे उत्तर येथे सापडते. किटण काढणे हे काम वर्षातून एक-दोन वेळा अर्ध्या-पाऊण तासाचे. उरलेले दिवस रोगी आपल्या घरी असतो, आणि तेथे हायजिनिस्टचे एकच उपकरण पोहोचू शकते, ते म्हणजे तिने सांगितलेले शब्द.

ते शब्द मराठीत सांगावयाचे तर काय होते? आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने हायजिनिस्ट हा स्वतंत्र वर्ग मानला व त्याच्यासाठी दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम चालत आला. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. तरीही हा व्यवसाय आपल्याकडे पसरला नाही; बहुतेक दवाखान्यांत दात साफ करणे व समजावून सांगणे ही दोन्ही कामे दंतवैद्यच करतात. काम कोणीही करो, सांगण्याची भाषा मराठीच असते, आणि तिच्यात काही खाचा आहेत.

पहिली खाच कीड व किटण या जोडीची. दाताला लागते ती कीड, दातावर चढते ते किटण. पहिल्याने दात आतून पोखरला जातो, दुसऱ्याने हिरडी व तिच्याखालचे हाड जाते. दोन रोग वेगळे, उपाय वेगळे. पण शब्द कानाला जवळचे, आणि ‘दात खराब झाले’ या एका वाक्यात दोहोंची खिचडी होते. शिवाय कीड ‘लागते’. हे क्रियापद आपण भूक, नजर, वाळवी यांनाही लावतो. जे बाहेरून येऊन आपल्याला गाठते, ज्यात आपला कर्तेपणा नाही, ते लागते. तसाच दात ‘पडतो’. वय झाले म्हणजे पडतो, फळ पिकून पडते तसा. भाषा विचारांना जखडून ठेवते असा टोकाचा सिद्धान्त मला मांडावयाचा नाही. पण ज्या रोगाच्या वाक्यात कर्ताच नाही तो रोग टाळता येण्याजोगा आहे हे पटविण्यास चार वाक्ये अधिक खर्चावी लागतात, एवढे निश्चित.

संस्कृताकडे वळून सुटका होईल असेही नाही. किटणाला सुश्रुताने दंतशर्करा म्हटले आहे आणि दातांच्या मुळांना इजा न करता ती काढावी असे सांगितले आहे. शर्करा म्हणजे बारीक खडा. इंग्रजीत वापरतात त्या कॅल्क्युलस या लॅटिन शब्दाचाही अर्थ खडाच, म्हणजे दोन परंपरांनी स्वतंत्रपणे एकच रूपक निवडले. परिभाषाकाराला मोह पडावा असाच हा शब्द आहे. पण आजच्या मराठीत शर्करा म्हणजे साखर! दंतशर्करा ऐकून रोगी असे समजेल की गोड खाल्ल्याचा हा परिणाम, गोड सोडले की झाले. येथे घरातले किटणच बरे. भांड्यावरचे, काहिलीवरचे किटण पाहिलेल्या माणसाला ते नुसत्या पाण्याने जात नाही हे सांगावे लागत नाही.

उलट काही ठिकाणी मराठी इतकी समृद्ध आहे की शास्त्राने तिच्याकडून उसने घ्यावे. चिंच खाल्ल्यावर दात आंबतात, रात्री दाढ ठणकते, हिरडी हुळहुळते, दात येणाऱ्या बाळाची हिरडी शिवशिवते. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आंबणे व थंड लागणे हे बहुधा दाताचे वरचे आवरण झिजून किंवा हिरडी खाली सरकून आतला भाग उघडा पडल्याचे लक्षण. ठणका हा बहुधा आतल्या मज्जेपर्यंत रोग पोहोचल्याचे. ‘दुखते का?’ एवढेच विचारून ‘हो’ असे लिहून घेतले तर रोग्याने आयती दिलेली माहिती आपण टाकून दिली असे होईल.

घासणे या क्रियापदाचेही असेच. आपण दात घासतो आणि भांडीही घासतो. भांडे जितके जोराने घासावे तितके उजळते. दातांच्या बाबतीत आडवे व जोराने घासल्यास मानेपाशी दात झिजतो आणि हिरडीच्या कडेचा थर मात्र राहून जातो. चार्ल्स बास यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास सांगितलेल्या रीतीत ब्रशाचे केस हिरडीच्या कडेशी पंचेचाळीस अंशांत टेकवून बारीक थरथर द्यावयाची असते. याला घासणे म्हणता येत नाही. दुसरीकडे ‘तोंड धुणे’ व ‘चूळ भरणे’ हे शब्द फारच सौम्य. मधले क्रियापद आपल्याजवळ नाही, आणि जेथे शब्द नाही तेथे कृती करून दाखवावी हे उत्तम.

हिरडीतून रक्त आले की त्या बाजूला ब्रश लावावयाचा नाही, ही सर्वसाधारण समजूत. जखमेला हात लावू नये हा व्यवहारातला नियम येथे उलटा पडतो. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात साफ करणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला, आणि सफाई पुन्हा सुरू करताच तो ओसरला. याहून बळकट समजूत अशी की, दात साफ करून घेतले की ते हलू लागतात. माझ्या नात्यातील एका वृद्ध बाईंना दवाखान्यात नेले असता त्यांनी हाच आक्षेप घेतला. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांचा आक्षेप नाकारला नाही. त्या म्हणाल्या, “आजी, हलल्यासारखे वाटेल हे खरे आहे. घराची भिंत आतून खचली आणि बाहेरून चिखलाचा लपेडा बसला, तर भिंत उभी दिसते. लपेडा काढला म्हणजे कळते. पण तो ठेवला तर ओल आत जात राहते.” आजींनी विचारले, “मग भिंत पुन्हा होते का?” त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गेलेली बहुतेक परत येत नाही, आजी. राहिलेली ठेवता येते.” हे उत्तर शास्त्राला धरून आहे. गेलेले हाड सहसा परत येत नाही, किटण काढल्याने दात सैल होत नाही, आधीचे सैलपण उघडे पडते. आजींनी त्या दिवशी खालची रांग साफ करून घेतली. वरची “पुढच्या खेपेला पाहू” म्हणाल्या.

शेवटची खाच मिश्रीची. जळलेल्या तंबाखूची ही पूड महाराष्ट्रातील अनेक स्त्रिया दातांना लावतात. अमेरिकेत विद्यार्थ्यांना जो माहितीचा तक्ता भरावयास शिकवितात त्यात तंबाखूसेवनाचा प्रश्न आरंभीच असतो. त्याचे सरळ मराठी करून “मावशी, तंबाखू खाता का?” असे विचारले तर मिश्री लावणारी बाई “नाही” म्हणेल, आणि ती खोटे बोलत नसेल. तंबाखू खातात, विडी ओढतात, मिश्री लावतात. क्रियापदे तीन, आणि तिसरे तिच्या मनात दात स्वच्छ करण्याच्या सदरात मोडते. तोच प्रश्न “सकाळी तोंड कशाने धुता?” असा विचारला की मिश्री, राखुंडी, कडुनिंबाची काडी, बोटाने लावलेले मंजन, जे असेल ते बाहेर येते. मग “दिवसातून किती वेळा लावता?” हे विचारावे लागते, कारण चार-पाच वेळा हे उत्तर आले म्हणजे प्रश्न दात धुण्याचा उरलेला नसून तो सवयीचा झालेला असतो, आणि तक्त्यातील तंबाखूच्या रकान्यात ‘होय’ लिहावे लागते.